पाखराची चोळी

मुंबई
१२ नोव्हेंबर २०२४

आत्या,

तुझ्या भाचीचा नमस्कार घे आणि आधी हातातली कात्री खाली ठेव. हे पत्र गिऱ्हाईक समोर बसवून वाचण्यासारखं नाही.

तुझे कान गेल्यापासून घरचे सगळे तुझ्याशी खुणांनी बोलतात आणि मी टपालानं. बाबा म्हणतात, "आगं, दोन ओळी मोबाइलवर टाक की, जल्दी पोचतंय." पण तुझ्या बटनांच्या फोनवर मी चित्र कसं काढू? आणि मला जे सांगायचं आहे ते चित्राशिवाय सांगताच येणार नाही.

मी बॅले बघितला. युरोपातली एक मंडळी इथल्या मोठ्या नाट्यगृहात आली आहे, डिसेंबर संपेपर्यंत खेळ आहेत. क्लासमधल्या मैत्रिणीकडे जास्तीचं तिकीट होतं. यात कोणी एक शब्द बोलत नाही. गाणंही नाही. खाली वाजवणारे वाजवतात आणि वर पोरी पायाच्या बोटांच्या टोकावर उभ्या राहून सगळी गोष्ट नाचून सांगतात. माझ्या मनात पहिल्यांदा हेच आलं, की अरे, हे तर आत्यासाठीच केलंय. इथं ऐकू येणाऱ्याला तुझ्यापेक्षा काही फार जास्त कळत नाही.

गोष्ट एका दिवेवालीची. समुद्राकाठच्या गावात रस्त्यावरचे दिवे लावणारी पोरगी. गाव तिला हाकलून देतं आणि ती पाखरू होते, दिव्यावर झेपावतात ना, तसलं. दुसऱ्या अंकात चोवीस पाखरं एकदम येतात. करड्या रंगाच्या तंग चोळ्या, आणि कमरेला जाळीच्या कापडाचे घेर, ताटासारखे आडवे ताठ. चोवीस ताटं तरंगत आल्यासारखी. मागे फक्त एक मोठा गोल पडदा, तोच दिवा. बाकी सगळा रंगमंच मोकळा. सजावट इतकी कमी, की प्रत्येक टाका डोळ्यांत भरतो.

आता खरी गंमत. शेवटी ती दिवेवाली दिव्यासमोर येते आणि गिरकी घेते. एक गिरकी, आत्या! सुरू करते तेव्हा करडी असते, संपते तेव्हा वरपासून खालपर्यंत पेटलेली. शेंदरी, लाल, पिवळी. ना अंधार होतो, ना ती आत जाते, ना कोणी जवळ येतं. माझ्या शेजारच्या बाईनं तर तोंडावर हात धरला.

हे कसं केलं असेल? तू सांगशील म्हणून विचारते.

तुझी,
शीतल

ता. क. चित्र काढलंय. डाव्या कोपऱ्यातला दिव्याचा खांब पहिल्या अंकात, भरल्या बाजारात असतो. त्याला एक मळकं फडकं लटकलेलं असतं, ते कशाला ते काही कळलं नाही.


भोकरदन
१९ नोव्हेंबर २०२४

शीतल,

औक्षवंत हो आणि जरा चित्र काढायला शीक. तू काढलेल्या पोरीला गुडघेच नाहीत.

पत्र तीनदा वाचलं. एक ब्लाऊज त्या नादात उलटा कापला, तो खर्च तुझ्या नावावर. मग समोरच्या झेरॉक्सवाल्या भागवतला खुणेनं बोलावलं आणि तुझं पत्र दाखवलं. त्यानं मोबाइलवर असलेच नाच लावून दिले. तो माझ्यासमोर तोंड मोठं करून बोलतो, म्हणून त्याचे ओठ मला वाचता येतात.

"बघा मावशी, कशा चालून राह्यल्या टाचा वर करून!"

"चालणं राहू दे," मी म्हटलं, "मला शिवण दाखव. मोठं कर."

"आजून मोठं न्हाई होत. पोरगी फुटून राह्यली."

खरंच फुटली. चौकोन चौकोन झाले तिचे. बोटाएवढ्या बायकांची शिवण काय दिसणार! आणि तुझी दिवेवाली त्यात नव्हतीच. तेव्हा माझे डोळे म्हणजे तूच. नीट बघ आणि कळव: जाळीचे थर किती? खालचा आखूड आणि वरचा लांब, की उलट? चोळी मागून हुकाची की नाडीची? कमरेला शिवण सरळ आहे की पुढं टोक काढलंय? घामाचं काय करतात?

घेर मला शिकवू नकोस. तुझे आजोबा खंडोबाच्या जत्रेत ढोलावर नाचायचे, तो पांढरा झगा मी शिवला होता. छत्तीस कळ्यांचा. मी सोळा वर्षांची होते. आबा वळले की तो घेर असा उभा राहायचा, की ढोलवाले चार पावलं मागं सरायचे. लोक आबांना बघायचे आणि मी माझ्या कळ्या बघायचे. जालन्याला बियाण्याच्या कंपनीत ऑफिसात होते तेव्हासुद्धा तिथल्या बाया माझ्याकडूनच कपडे शिवून घ्यायच्या. तेव्हा हे कोडं मी सोडवणार म्हणजे सोडवणार. आत्ता मला वाटतं, एकावर एक असे दोन घेर असावेत आणि मागून कुणीतरी वरचा ओढत असेल.

फडक्याचं मात्र लक्षात नाही आलं. ते खांबाला आपोआप तर उगवलं नसेल. कुणी टांगलं? तू पडदा उघडल्यापासून बघितलंस ना?

अभ्यास कर. तुझा बाप, आमचा दादा, साखर कारखान्याच्या गेटवर उभा राहून अख्ख्या अंकुशनगरला सांगत असतो, की माझी शीतल बँकेत साहेब होऊन राह्यली.

आत्या


मुंबई
२६ नोव्हेंबर २०२४

आत्या,

तुझ्यासाठी पुन्हा बघितला. तुझे प्रश्न चिठ्ठीवर लिहून घेऊन गेले होते, परीक्षेला जावं तशी.

जाळीचे थर बारा असावेत, मी दहापर्यंत मोजले आणि ती वळली. सगळ्यात खालचा आखूड, अगदी वितीएवढा, आणि वर जावं तसे लांब. म्हणून तो घेर खाली पडत नाही. चोळी मागून हुकांची, दोन ओळींत. कमरेची शिवण पुढे टोकदार उतरते, त्यानं पोट आत गेल्यासारखं दिसतं. घाम फार येतो. जवळून गेल्या तर चोळ्या ओल्या झालेल्या दिसतात, पण अंगात दोन पोलादी पट्ट्या घातल्यासारख्या ताठ बसतात. एक गोष्ट तुला आवडेल. त्यांच्या बुटांच्या फिती प्रत्येक पोरगी स्वतःच्या हातानं शिवते, दुसऱ्याला लावू देत नाही. म्हणजे एवढ्या मोठ्या नाचणाऱ्या, आणि सुई सगळ्यांना धरता येते.

पाखरांच्या घेरांना बारीक किनार आहे, प्रत्येकीची निराळी. कुणाची निळी, कुणाची मोरपंखी, एकीची तर आपल्या इरकलीसारखी. ती का वेगळी, कोण जाणे.

मागून कुणी ओढत नाही, हे मी शपथेवर सांगते. माझी नजर हटली नव्हती. आणि पेटल्यावर तिचा फक्त घेर नाही, चोळीसुद्धा शेंदरी झालेली असते.

सोबत एक दोरा पाठवते आहे. खेळ संपल्यावर रंगमंचाच्या कडेला पडला होता. तिच्याच जागी. कुरळा का आहे? नव्या दोऱ्यासारखा सरळ नाही, उसवलेल्या स्वेटरच्या लोकरीसारखा आहे.

कुणी इकडं येणार असेल तर तिळाच्या तेलाची एक बाटली पाठव. पोटऱ्यांना फार गोळे येतात.

शीतल


भोकरदन
३ डिसेंबर २०२४

शीतल,

दोरा मिळाला आणि मी दुकानाला कुलूप लावून घरी आले. गिऱ्हाईकांना वाटलं कुणी गेलं.

तो कुरळा दोरा कुठून आला हे मला बघताक्षणी कळलं. ते तुला सांगायचं म्हणजे आणखी एक गोष्ट सांगावी लागणार, म्हणून दोन दिवस गप्प बसले. आता सांगते.

मी कंपनीत ऑफिसात नव्हते. मी चौदा वर्षं पोत्यांची तोंडं शिवली. बियाण्याची पोती पट्ट्यावरून यायची, मी मशीन धरायची, तोंड शिवायची, पुढं ढकलायची. दिवसाला किती, ते विचारू नकोस. मशीनच्या आवाजानं कान गेले, ते काही सगळ्यांना सांगितलं तसं तापानं नाही गेले. सासरी, माहेरी, सगळीकडं ऑफिस सांगितलं, कारण कामाला लागायच्या आधीच माझ्या जाऊबाईनं चार बायकांत विचारलं होतं, "तू शिवणवाली का पोतेवाली?" त्या दिवशी मला फार लागलं. शिवणारीनं पोती शिवावीत याची मला लाज वाटली. तुझ्या बापालाही माहीत नाही.

आता कोडं. पोत्याचं तोंड ज्या टाक्यानं शिवतात तो साखळीचा टाका. एकाच दोऱ्याचा. शिवण जिथं संपली ते टोक धरून ओढलं, तर सगळी शिवण सरसर निघून हातात दोरा येतो, असाच कुरळा. सुरुवातीचं टोक ओढलं तर मात्र ती आवळते आणि मग कात्रीच लागते. बाजारात पोतं सोडणाऱ्या माणसाला विचार.

तुझ्या त्या बाईच्या अंगात दोन चोळ्या आहेत. आतली शेंदरी. वरची बाहेरून करडी आणि तिचा आतला भाग शेंदरी. वरची चोळी फक्त कमरेला पक्की शिवलेली, वर खांद्याला आणि छातीला साखळीच्या टाक्यानं नुसती धरून ठेवलेली. ती दोरा ओढते. करडी चोळी उलटी होऊन खाली पडते आणि घेरावर पसरते. अडत्याकडं पोत्याचं तोंड बाहेर दुमडून आतला माल दाखवतात ना, तसं. गिरकी कशाला घेते? ते कापड चारी बाजूंनी सारखं पसरावं म्हणून. तुम्ही सगळे घेराकडं बघत बसलात आणि बाई चोळीतून पेटली!

सोबत नमुना शिवून पाठवला आहे, तळहाताएवढा. हिरवा दोरा ओढ. आणि खेळात बघ, गिरकीच्या आधी ती हात छातीशी नेते की नाही.

तेल भागवतच्या भावाबरोबर पाठवलं आहे. एक विचारते. बसून नाच बघणारीच्या पोटऱ्यांना गोळे का येतात?

आत्या


मुंबई
९ डिसेंबर २०२४

आत्या,

मी आधी चुकीचं टोक ओढलं. गाठ बसली. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं, सुईनं गाठ सोडवली आणि दुसऱ्या टोकानं ओढलं. करडं कापड माझ्या बोटांवरून उलटं पडलं आणि सगळं शेंदरी! मी एकटीच खोलीत ओरडले. मग खोलीतल्या चारही मुलींना करून दाखवलं, दर वेळी तुझ्यासारखाच टाका घालायला बसले आणि दर वेळी तो वाकडा आला.

ती हात छातीशी नेते, आत्या. मला इतके दिवस वाटायचं की ती दिव्याला नमस्कार करते.

आणि परवा काय झालं ऐक. दोरा अडकला. तिनं ओढला, अर्धी चोळी पडली, अर्धी तशीच. अंगाचा डावा भाग पेटलेला, उजवा करडा. तरी ती तशीच शेवटपर्यंत नाचली. लोकांना वाटलं हे असंच असतं. सगळ्या प्रेक्षागृहात फक्त मला माहीत होतं की कुणीतरी आज टोक चुकवलंय. मला इतका अभिमान वाटला, तुझा. चौदा वर्षं पोती शिवली म्हणून तू हे इथून, सातआठ तासांच्या अंतरावरून, न बघता ओळखलंस. शिवणकामाचं मोठं शिक्षण घेतलेल्या बायका रोज येतात इथं, त्या नुसत्या टाळ्या वाजवून जातात.

तू एवढं खरं लिहिलंस, तर मलाही लिहायला हवं. मैत्रिणीचं तिकीट वगैरे काही नाही. बँकेची परीक्षा दोनदा हुकली, क्लास जुलैतच सोडला. मी या नाट्यगृहात डोअरकीपर आहे. हातात बॅटरी घेऊन लोकांना खुर्ची दाखवते, खेळ सुरू झाला की मागच्या भिंतीला टेकून उभी राहते. तेवीस वेळा बघितलाय हा खेळ. सुरुवातीची दहा मिनिटं सोडून. तेव्हा उशिरा आलेल्यांना दारात अडवावं लागतं, मग अंधारातून एकेकाला आत न्यावं लागतं.

बाबांना सांगू नकोस. ते गेटवर उभे राहून काय सांगतील?

शीतल


भोकरदन
१४ डिसेंबर २०२४

शीतल,

मला माहीत होतं.

तुझ्या एकाही पत्रात पडदा उघडत नाही. बाजार आधीच भरलेला असतो, फडकं आधीच टांगलेलं असतं. पैसे देऊन बसलेली बाई सुरुवात सोडते का? खेळ संपल्यावर रंगमंचाच्या कडेचा दोरा उचलतेस, बुटांच्या फिती कोण शिवतं ते सांगतेस, हे तिकीट काढून आलेलीला कुठून कळणार? पोटऱ्यांचं तर बोलूच नकोस. चौदा वर्षं उभ्यानं काम केलेल्या बाईकडं तू तेल मागितलंस! तेल देऊन गप्प बसावं, की विचारावं, एवढाच माझ्यापुढं प्रश्न होता.

तुला लाज वाटते, ते कळलं. मी लाजून काय मिळवलं? चौदा वर्षं स्वतःचं काम चोरून ठेवलं. त्यातला टाका आत्ता कुठं कामाला आला, तोही तू विचारलंस म्हणून. बापाला तू स्वतः सांगशील, मी सांगणार नाही. पण फार उशीर लावू नकोस. लांबलं की सांगायला जड जातं, हे मी अनुभवानं सांगते.

आता माझं ठरलं आहे. मी येणार. ती चोळी मला माझ्या डोळ्यांनी पडताना बघायची आहे. मी बरोबर आहे हे मला माहीत आहे, पण बरोबर असणं आणि बघणं यात फरक आहे. लग्नसराईचे ब्लाऊज पडले आहेत, पडू देत. खेळ संपायच्या आत कुठला दिवस, कळव. जालन्याहून गाडीत बसायचं आणि शेवटी उतरायचं, त्यात काय हरवायचं?

आत्या


मुंबई
२० डिसेंबर २०२४

आत्या,

ये! शेवटच्या रविवारी, २९ तारखेला, दुपारी तीनचा खेळ. कामावरच्या प्रत्येकाला शेवटच्या आठवड्यात एक पास मिळतो. माझा तुझ्यासाठी घेतला आहे. ओळ नऊ, मधल्या वाटेलगतची खुर्ची. तिथून शिवण दिसते, मी रिकाम्या प्रेक्षागृहात प्रत्येक खुर्चीवर बसून बघितलं.

एकच विनंती. आत अजिबात बोलायचं नाही. तुला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे तू हळू बोलतेस असं तुला वाटतं आणि बसस्टँडपर्यंत जातं. इथं कुणी खोकलं तरी लोक मान वळवतात. बोलणाऱ्याला गप्प करणं हे माझंच काम आहे आणि आमचे साहेब फार कडक आहेत.

स्टेशनवर मी असेन. काळा कोट घातलेली. हसू नकोस, तो दुसऱ्या कुणाच्या मापाचा आहे.

शीतल


मुंबई
१ जानेवारी २०२५

आत्या,

सुखरूप पोचलीस असं भागवतनं कळवलं. खोली रिकामी वाटते. तुझ्या बाजरीच्या भाकरी मुलींनी दोन दिवसांत संपवल्या.

सोमवारी सकाळी तू गाडीची वेळ होईपर्यंत बसून माझ्या कोटाचे खांदे उसवून मापात बसवलेस, तो कोट घालून मी काल कामावर गेले. साहेब म्हणाले, नवा घेतलास का? मी म्हटलं, नाही, तोच आहे, फक्त जाणत्या हातांखालून गेलाय.

रविवारी तू ओरडलीस त्याचं मनावर घेऊ नकोस. एवढं मी सांगितलं होतं, तरी तू एकदम "सुटलं!" म्हणून ओरडलीस. सगळं प्रेक्षागृह चिडीचूप, आणि नवव्या ओळीतून भोकरदनचा आवाज. साहेब धावत माझ्याकडे आले. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. नोकरी शाबूत आहे.

आता मोठी बातमी. काल बाबांना फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बसायला मिळतं का तिथं?"

"न्हाई बाबा, उभंच राहावं लागतं."

"मंग जेवण बराबर करत जाय. आन् ते नाचनाऱ्या पोरी पडत न्हाईत का गं?"

मी म्हटलं, पडत नाहीत. म्हणाले, "कमाल हाये. उद्या गेटवर सांगतो." काय सांगणार ते विचारायचं मला धाडस झालं नाही.

मला एकच हुरहूर राहिली. मंडळी गेली, खेळ संपला. पस्तीस वेळा बघितला आणि सुरुवात एकदाही नाही.

शीतल


भोकरदन
७ जानेवारी २०२५

शीतल,

सुरुवात मी सांगते. नीट वाच, कारण तुझ्यासाठीच मी ती डोळे न मिटता बघितली. तू मला खुर्चीपर्यंत आणलंस, माझ्या पायाशी उजेड धरून. मी मागं चालत होते आणि मला तुझ्या कोटाचे लोंबणारे खांदे दिसत होते, पण चाल बघून मनात आलं, ही पोरगी इथं कुणाची नोकर दिसत नाही, घरच्यासारखी चालते. मग तू दाराकडं पळालीस आणि पडदा उघडला.

रंगमंचावर ती एकटी. पहाट अजून व्हायची आहे. आणि तिच्या अंगात काय आहे सांगू? गोणपाट. पोत्याचा झगा, शीतल! गळ्याला भोक पाडलेलं, कमरेला सुतळी. कडेला तोंडाची शिवण तशीच ठेवलेली, साखळीच्या टाक्याची, ती मी नवव्या ओळीतून ओळखली. ती एकेक दिवा विझवत येते आणि एकेका घराच्या दारातून एकेक बाई निघते. कुणाच्या घागऱ्याला निळी किनार, कुणाच्या मोरपंखी, एकीची इरकलीसारखी. सगळ्या तिच्याकडं बघून नाक मुरडतात. पोत्याकडं बोट दाखवून हसतात. म्हणून ती अंगातलं गोणपाट काढून खांबाला टांगते आणि आतल्या साध्या कपड्यात थंडीनं काकडत उभी राहते. मग बाजार भरतो. तू तिथून पुढं बघत होतीस.

ते तुझं मळकं फडकं ते. आणि ती चोवीस पाखरं म्हणजे त्याच हसणाऱ्या बाया. किनारी बघ जुळवून. शेवटी ती पेटते ती त्यांच्यासाठी, तिच्या उजेडात त्यांना वाट दिसते. हे सगळं त्या कपडे करणाऱ्या माणसानं किनारीच्या बोटभर पट्टीत सांगून ठेवलं आहे. कोण असेल तो किंवा ती, त्याच्या हाताला माझा नमस्कार.

ती छातीशी हात घेऊन गेली तेव्हा माझेही हात छातीशी गेले. बरोबर टोक धरलं होतं तिनं. दोरा सरळ येताना मला दिसला, एक, दोन, आणि चोळी पडली. माझ्या तोंडून निघालं ते निघालं. चौदा वर्षांत एवढं सुंदर पोतं सुटलेलं मी बघितलं नव्हतं. त्याची मी माफी मागणार नाही.

काल एक मास्तरीण ब्लाऊज न्यायला आली होती. तुला पाठवला तसाच एक नमुना मी काचेच्या कपाटात लावला आहे, तो ओढून बघून म्हणाली, "आत्याबाई, हे कुठं शिकल्या?" मी म्हटलं, "जालन्याला, पोत्याच्या मशीनवर." तिच्या मागं जाऊबाईची सून बसली होती. तिनंही ऐकलं. बरं झालं.

आणि दादा रविवारी इथं आला होता. गेटवर काय सांगितलं ते विचारलं. पाटीवर लिहून दाखव म्हटलं, तर त्यानं खडूनं लिहिलं: "माझी पोरगी मुंबईत मोठमोठ्या लोकांना कुठं बसायचं ते सांगते." खाली रेघ ओढली.

आता तुझा खोटेपणा. तू लिहितेस, साहेबांना काहीतरी सांगून वेळ मारून नेली. मी ओरडले, माना वळल्या, तशी मीही मागं वळले, की तू रागावलीस का बघावं. रंगमंचावरचा सगळा शेंदरी उजेड तुझ्या तोंडावर पडला होता. साहेबांचा हात माझ्याकडं होता, म्हणजे ही बाई कोण, असंच विचारत असणार. त्यांना वाटलं असेल तू मान खाली घालशील. तू कोट खाली ओढून सरळ उभी राहिलीस आणि सावकाश, प्रत्येक शब्द ओठांत धरून बोललीस. ओठ वाचायला मला सोपं जावं म्हणून बोलतेस, तशी.

"माझी आत्या आहे. जालन्याला पोती शिवायची. तो दोरा तिनं ओळखला."

मी परत पुढं वळले, पण पुढची काही मिनिटं मला नीट दिसलं नाही. तेवढाच भाग माझा बघायचा राहिला आहे, तो तू लिहून पाठव. आणि इथून पुढं मला खरं तेच लिहीत जा.

तुझी आत्या,
दैवशाला, पोत्याच्या मशीनवरची